मुरलेली विनोदी जोडी पुन्हा रंगमंचावर आणताना: संहितेपासून दौऱ्यापर्यंतची तयारी

साठी-सत्तरीतल्या दोन विनोदी नटांना पुन्हा एकत्र उभं करायचं ठरलं की आधी तारीख धरली जाते, मग नाट्यगृह, मग जाहिरात, आणि तालमीला उरतात चार दिवस. ‘ते दोघं काय, समोरासमोर आले की जमेलच’ ही त्यामागची समजूत. मग प्रयोगात ठरावीक प्रकार घडतो. पहिली वीस मिनिटं प्रेक्षक जिव्हाळ्यानं हसतात. त्यानंतर हशा पातळ होत जातो. वाक्यं आठवत असतात, चेहरे बोलत असतात, पण प्रत्येक उत्तर अर्धा सेकंद उशिरा येतं.

हा विसराळूपणा समजून मंडळी प्रॉम्प्टरला, म्हणजे आडून वाक्यं सुचवणाऱ्याला, मोठ्यानं बोलायला सांगतात. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. एकाला दुसऱ्याचं वाक्य नीट ऐकू आलेलं नसतं, किंवा त्याचा चेहरा दिसलेला नसतो. जोडीचा विनोद ऐकण्यावर चालतो. म्हणून संहितेची कापणी असो, माइक असो की साधी खुर्ची, प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारा: यामुळे या दोघांना एकमेकांना ऐकणं आणि पाहणं सोपं होतंय का?

पुढची मापं दोन पात्रांच्या, एका मध्यंतराच्या, ९० ते १०० मिनिटांच्या कार्यक्रमासाठी आहेत. नाट्यगृह शहरातलं नेहमीचं, बाल्कनी असलेलं, असं धरलं आहे.

## १. तारीख धरण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोला

वेगवेगळं यासाठी, की जोडीदारासमोर दोघंही सगळ्याला ‘चालेल’ म्हणतात. विचारायच्या गोष्टी अशा:

- कोणत्या कानानं जास्त चांगलं ऐकू येतं? श्रवणयंत्र आहे का, आणि रंगमंचावर ते लावणार का? वयामुळे आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात. मग ‘स’, ‘श’, ‘त’ अशी व्यंजनं पुसट होतात. आवाज येतो, शब्द कळत नाही.
- चष्म्याशिवाय समोरच्याचे डोळे किती फुटांवरून दिसतात?
- गुडघे, कंबर, जिने. जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येतं का?
- औषधं कोणत्या वेळी घेतात? रक्तदाबाच्या आणि ॲलर्जीच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. त्यांच्या वेळा स्वतः बदलू नका, डॉक्टरांना विचारायला सांगा.
- जुन्यातलं काय आता करायचं नाही? याचं खरं उत्तर एकट्याला विचारलं तरच मिळतं.

यानंतर दोघांना एकत्र बसवून व्यवहार ठरवा आणि कागदावर घ्या. प्रत्येकाची नाइट (एका प्रयोगाचं मानधन) किती, जाहिरातीत नावांचा क्रम आणि अक्षरांचा आकार कसा, दौऱ्यावर सोबत कोण येणार, एक आजारी पडला तर भाड्याचा तोटा कोण सोसणार. जोडीतला एक नसेल तर प्रयोग रद्द करून तिकिटांचे पैसे परत द्यायचे, हेही आत्ताच लिहून ठेवा. त्याच्या जागी दुसरा नट उभा करू नका, लोकांनी तिकीट जोडीचं काढलेलं असतं.

## २. संहिता: हक्क, परवानगी, कापणी

हक्क. ‘हे प्रहसन आम्हीच गाजवलं’ म्हणजे ते आपलं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं प्रताधिकार राहतो. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांचं लेखन कधीच मुक्त झालं. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनाचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. पु. ल. देशपांड्यांचा २०६० अखेरपर्यंत. एक प्रवेश घेतला तरी लेखी परवानगी आणि प्रत्येक प्रयोगाचं मानधन लागतं. दूरचित्रवाणीवर केलेल्या स्किटचे हक्क करारानुसार लेखकाकडे किंवा वाहिनीकडे असू शकतात, दोन्हीकडे चौकशी करा. मध्ये वाजवायच्या ध्वनिमुद्रित गाण्यांची परवानगी वेगळी असते.

परिनिरीक्षण. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ‘जुन्याच गोष्टी आहेत’ म्हणून हे राहून जातं आणि प्रयोगाच्या आठवड्यात धावपळ होते. तालमी सुरू होण्याआधी संहिता पाठवा. नंतर मोठी भर घातली, तर ती पुन्हा दाखवा.

वय संहितेत घ्या. जुन्या भूमिका जुन्याच वयात उभ्या करायच्या म्हटलं की पळापळ, टोप आणि रंगाचे थर येतात, आणि प्रेक्षक नटाची काळजी करू लागतो. काळजी करणारा माणूस हसत नाही. २०१८ साली आलेल्या ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ या नाटकात प्रशांत दामले आणि कविता लाड यांच्या ‘एका लग्नाची गोष्ट’ या आधीच्या नाटकातलंच जोडपं बऱ्याच वर्षांनंतरचं म्हणून आलं. वाट हीच आहे. पात्रं तीच ठेवा, त्यांचं वय वाढवा आणि भांडणाचे विषय बदला.

कापणी. कापताना सगळे विनोदी नटाच्या वाक्यांकडे बघतात. खरी कात्री लागते समोरून फीड देणाऱ्याच्या, म्हणजे विनोदासाठी प्रश्न पुढे करणाऱ्या जोडीदाराच्या, वाक्याला. हा नमुना पाहा:

नाना: लिफ्ट बंद आहे.
अप्पा: कधीपासून?
नाना: मी आत असल्यापासून.

यात अप्पाचा एक शब्द आहे. तो ‘अरेरे, कधीपासून बंद आहे म्हणे, काही कल्पना?’ असा फुगला, की ‘कधीपासून’ मागे पडतं आणि नानाचं उत्तर ‘कल्पना’ या शब्दाला चिकटतं. नानानंही ‘काल मी आत अडकलो होतो ना, तेव्हापासून बंद आहे’ असं सांगितलं, तर हशाचा शब्द मध्येच येऊन गेला आणि वाक्य अजून चालूच आहे. म्हणून फीडच्या वाक्यात उत्तराला लागणारा शब्द शेवटी ठेवा. पंचच्या वाक्यात ज्यावर हशा यायचा तो शब्द शेवटाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, आणि त्यानंतर स्पष्टीकरण जोडू नका.

कमी ऐकू येणाऱ्या नटासाठी याचा आणखी एक फायदा आहे. फीड नेहमी ठरलेल्या शब्दावर संपलं की त्याला पूर्ण वाक्य ऐकावं लागत नाही, शेवटचा शब्द आणि ओठ पुरतात.

बायकोचं रूप, तोतरेपणा, जात, शरीर यांवरचे जुने विनोद दोघांसमोर मोठ्यानं वाचा. ज्यावर खोलीत कुणी हसत नाही ते तिथल्या तिथे काढा, ‘प्रेक्षक हसतील’ म्हणून ठेवू नका.

तपासा: बसून केलेलं सलग वाचन ७५ मिनिटांपेक्षा जास्त नको. हशा, टाळ्या आणि हालचाली धरून त्याचे ९० मिनिटांच्या पुढे सहज होतात. मध्यंतराआधी ४५ ते ५० मिनिटं, नंतर थोडं कमी. प्रत छापताना अक्षर १८ पॉइंटचं घ्या, पानाची एकच बाजू वापरा आणि क्यूचा शब्द, म्हणजे ज्यावर पुढच्यानं बोलायचं तो, ठळक करा.

## ३. तालीम: चार आठवडे, याच क्रमानं

आठवड्यातून तीन तालमी, प्रत्येकी दोन तास, मध्ये वीस मिनिटांची विश्रांती. सलग चार तासांच्या तालमीत शेवटच्या तासाला दोघंही थकलेल्या लयीत बोलतात, आणि तीच लय अंगात बसते.

पहिला आठवडा, बसून. पहिलं वाचन सपाट: हावभाव नाहीत, पंच नाहीत, फक्त अर्थ. दुसऱ्या तालमीला दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा आणि तसंच वाचायला सांगा. चेहरा दिसत नसल्यानं दोघांना कानावरच भिस्त ठेवावी लागते. कोणती वाक्यं नेमकी ऐकू येत नाहीत ते इथे लगेच कळतं. त्या वाक्यांवर खूण करा, शब्द बदला किंवा वाक्य तोडा. तिसऱ्या तालमीला भूमिकांची अदलाबदल करून एकदा वाचा. विनोदी नटाला फीड देणं किती कष्टाचं आहे ते कळतं आणि घाई कमी होते.

दुसरा आठवडा, उभं राहून. ज्या नाट्यगृहात पहिला प्रयोग आहे तिथल्या रंगमंचाची वापरता येणारी रुंदी आणि खोली मोजून आणा. तेवढी चौकट तालमीच्या जागेत पट्टीनं आखा. लहान खोलीत बसवलेला प्रवेश मोठ्या रंगमंचावर गेला की दोघांमधलं अंतर आपोआप वाढतं, आणि उत्तर उशिरा येऊ लागतं. संवाद चालू असताना दोघांत चार ते सहा फूट अंतर धरा. त्याहून लांब जायचं तर कारण हवं. कमी ऐकू येणारा कान विंगेकडे (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाकडे) आणि चांगला कान जोडीदाराकडे येईल अशा जागा द्या.

तिसरा आठवडा, पुस्तक खाली. वस्तू खऱ्याच वापरा: छत्री, पिशवी, फोन. रोज सुरुवातीला पंधरा मिनिटं संवाद अभिनयाशिवाय, दुप्पट वेगानं म्हणून घ्या. कुठे अडखळतात त्याची नोंद ठेवा. त्याच जागी सलग तीनदा अडखळले तर पाठांतर वाढवू नका, वाक्य बदला.

पडणं, आपटणं, उचलणं यांना पर्याय शोधा. नाना विंगेत पडल्याचा आवाज येतो आणि रंगमंचावर अप्पाचा चेहरा बदलत जातो. हशा तितकाच येतो आणि हाडं शाबूत राहतात. धक्का किंवा थप्पड ठेवायचीच असेल तर ती एक-दोन-तीन अशा आकड्यांवर बसवा आणि प्रत्येक प्रयोगाआधी तीनदा सावकाश करा.

चौथा आठवडा, सलग. निदान दोन सलग तालमी, मग वेशभूषा, दिवे आणि संगीतासह रंगीत तालीम.

सावधान: दहाव्या तालमीला खोलीतलं कुणी हसत नाही. अनुभवी विनोदी नटाला ती शांतता सोसत नाही आणि तो नवी वाक्यं घालू लागतो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटापासून दरवेळी दहा-पंधरा नवी माणसं बोलवा, आणि तोपर्यंत भर घालायची नाही असं स्पष्ट सांगा. हे सांगायला दिग्दर्शकाला संकोच वाटतो, विशेषतः तो वयानं लहान असेल तर. तरीही सांगावंच लागतं.

## ४. चुकल्यावर परत येण्याची सोय

दोघांचा कार्यक्रम असल्यानं एक भरकटला की सावरायला तिसरं पात्र नसतं. संहिता आठ-दहा भागांत तोडा आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक परतीचं वाक्य ठरवा. ते प्रश्न असावं, त्यात जोडीदाराचं नाव असावं आणि पुढच्या भागाचा विषय असावा: ‘अप्पा, ते राहू दे, मीटिंगला येणार आहेस की नाही?’ प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून हरवलेला माणूस लगेच परत येतो. ही वाक्यं दोघांनाही पाठ हवीत.

तालमीत याचा सराव मुद्दाम करा. दिग्दर्शकानं मध्येच टाळी वाजवायची, एकानं दोन पानं उडी मारायची, दुसऱ्यानं परतीच्या वाक्यानं गाडी रुळावर आणायची. दिग्दर्शकाला हा सराव वेळेचा अपव्यय वाटतो, पण प्रयोगात याच सरावानं नट घाबरत नाहीत.

प्रॉम्प्टर. ज्याला जास्त मदत लागते त्याच्या चांगल्या कानाच्या विंगेत बसवा. पहिले दोनच शब्द द्यायचे, पूर्ण वाक्य नाही. मुद्दाम घेतलेला पॉझ आणि विसरणं यांतला फरक त्याला कळायला हवा, म्हणून प्रतीत प्रत्येक पॉझवर गोल खूण करा. तो दुसऱ्या आठवड्यापासून तालमीत असलाच पाहिजे.

जागेवरचे विनोद. जोडीची गंमत यात असते, त्यामुळे ते तोडू नका, त्यांना जागा द्या. पूर्ण कार्यक्रमात तीन ठिकाणं, प्रत्येकी दोन मिनिटांपर्यंत. ज्यानं सुरू केलं त्यानंच परतीच्या वाक्यानं संपवायचं. ही ठिकाणं प्रॉम्प्टर, ध्वनी आणि प्रकाश या तिघांच्या प्रतींत लिहिलेली हवीत, नाहीतर नट मोकळे खेळत असताना पुढचा दिवा पडतो.

## ५. नेपथ्य आणि दिवे

सोफा टाळा. खोल, मऊ बैठकीतून उठायला ज्येष्ठ माणसाला दोन-तीन झोके घ्यावे लागतात आणि उठता उठता टाकायचं वाक्य हातचं जातं. हात असलेल्या, १८ ते १९ इंच उंचीच्या, न सरकणाऱ्या खुर्च्या घ्या. त्या प्रेक्षकांकडे सरळ तोंड करून मांडू नका, एकमेकींकडे थोड्या वळवा. मान जराशी वळवली की जोडीदाराचे ओठ दिसले पाहिजेत.

जाजम असेल तर चारही कडा चिकटवा. बुटांचा तळवा रबरी, धोतर शिवलेलं, झटपट बदलायच्या कपड्यांना बटणांऐवजी वेल्क्रो.

दिव्यांत नेहमीची चूक म्हणजे विनोदी नटावर जास्त उजेड आणि फीड देणारा अर्ध्या सावलीत. हशाचा मोठा वाटा फीड देणाऱ्याच्या न हसणाऱ्या चेहऱ्यावर असतो. दोघांच्या चेहऱ्यांवर उजेड सारखा ठेवा. चष्म्यावर चकाकी आली तर समोरचे दिवे थोडे उंच घ्या.

सावधान: पूर्ण काळोख करून दोघांना चालायला लावू नका. वय वाढतं तसा डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. प्रवेश मंद उजेडात बदला, विंगेत निळा दिवा ठेवा, रंगमंचाच्या कडेला आणि पायऱ्यांवर चमकणारी पट्टी लावा, आणि विंगेच्या तोंडाशी हात धरायला एक माणूस उभा करा.

## ६. आवाज

दोघांच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त बिघडते ती ही बाजू.

कॉलर माइक छातीवर असतो. नट जोडीदाराकडे वळला की तोंड माइकपासून दूर जातं आणि आवाज पडतो, आणि जोडीच्या विनोदात तर माणूस सतत वळतो. म्हणून गालाजवळ राहणारा हेडसेट माइक चांगला. श्रवणयंत्र असेल तर हेडसेटची तार दुसऱ्या कानावरून घ्या, आणि रंगीत तालमीतच दोन्ही एकत्र लावून पाहा.

दोघं अगदी जवळ आले आणि दोन्ही माइक पूर्ण उघडे असले, की प्रत्येकाचा आवाज दोन्ही माइकांत शिरतो आणि पोकळ ऐकू येतो. गळाभेट, कानात कुजबुज, भांडणात नाकाला नाक लागणं अशा प्रत्येक जागी ध्वनी सांभाळणाऱ्यानं एक माइक खाली घ्यायचा असतो. त्यासाठी त्याच्या हातात संहिता हवी आणि त्यात या जागा खुणेनं दाखवलेल्या हव्यात. नाट्यगृहावर त्या दिवशी भेटलेल्या माणसाकडून हे होणार नाही. ध्वनीचा माणूस आपला न्या.

रंगमंचाकडे तोंड केलेले दोन छोटे स्पीकर दोन्ही विंगांत ठेवा आणि त्यांतून संवाद हळू आवाजात सोडा. प्रेक्षकांकडे जाणारा आवाज नटांना धूसर ऐकू येतो, या स्पीकरमुळे जोडीदाराचं वाक्य स्पष्ट पोचतं. शिट्टी येऊ लागली तर त्यांचा आवाज कमी करा, पण ते बंद करू नका.

तपासा: प्रत्येक प्रयोगाला नव्या बॅटऱ्या. विंगेच्या टेबलावर चालू करून पाहिलेला एक हातात धरायचा माइक. नाट्यगृहात शेवटच्या रांगेत आणि बाल्कनीत एकेक माणूस बसवून ऐकून घ्या. त्यानं ‘आवाज येतोय’ असं सांगणं पुरेसं नाही, शेवटचा शब्द काय होता ते सांगितलं पाहिजे.

## ७. प्रयोगाचा दिवस

महापालिकेची नाट्यगृहं सत्रांमध्ये दिली जातात. आधीच्या सत्रात दुसरा कार्यक्रम असेल तर नेपथ्य लावायला वेळ थोडा मिळतो, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. दिवसाला एकच प्रयोग. रंगपट (नटांची तयार होण्याची खोली) रंगमंचाच्या पातळीवर आहे का, स्वच्छतागृह किती लांब आहे, जिने किती आहेत, हे आधी कुणीतरी जाऊन पाहावं.

रात्री साडेआठचा प्रयोग धरला तर:

- ४.०० – नेपथ्य, दिवे, ध्वनी.
- ५.३० – नट येतात. दोघांनी रंगमंचावर चालून खुर्च्या, पायऱ्या, विंगा पाहायच्या.
- ५.४५ – माइक लावून जवळ येण्याच्या सगळ्या जागा, मग फक्त क्यू ते क्यू.
- ६.१५ – हलकं खाणं. मधुमेह असेल तर त्यांच्या नेहमीच्या वेळेप्रमाणे. त्यानंतर भेटीगाठी बंद.
- ७.१५ – रंगभूषा. दहा मिनिटं गुणगुणून गळा तापवणं. खाकरू नये, कोमट पाण्याचा घोट घ्यावा.
- ८.०० – दोघं एकत्र, दार बंद, परतीची वाक्यं एकदा.
- ८.१५ पासून – घंटा. तिसरीनंतर निवेदन दोन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे.

संयोजक इथे हमखास घोटाळा करतात. प्रयोगाआधी सत्कार, दीपप्रज्वलन, भाषणं अर्धा तास चालतात आणि दोन ज्येष्ठ नट विंगेत उभे राहून थंड होतात. सत्कार शेवटी ठेवा.

## ८. पडदा उघडल्यावर

जोडी दिसताच टाळ्यांचा कडकडाट होतो. त्यासाठी सुरुवातीला एक मूक काम ठेवा: कुलूप उघडणं, वर्तमानपत्र घडी करणं. पहिलं महत्त्वाचं वाक्य टाळ्यांत बुडता कामा नये.

हशा आल्यावर पूर्ण शांततेची वाट पाहू नका. तो शिगेला जाऊन उतरू लागला की पुढचं वाक्य टाका. लवकर टाकलं तर प्रेक्षक ऐकण्यासाठी हसू आवरतात आणि मग पुढेही आवरूनच हसतात. हशा चालू असताना फीड देणाऱ्यानं काही नवं करायचं नाही. पाणी पिणं, रुमाल काढणं, भुवई उडवणं, हे सगळं जोडीदाराचा लाफ्टर खाणं आहे. पुढचं वाक्य कोण टाकणार हे प्रत्येक मोठ्या हशासाठी तालमीतच ठरलेलं असावं. नाहीतर दोघंही थांबतात किंवा दोघंही बोलतात.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. रंगपटात सूचना देऊ नका, पाणी, पंखा आणि कोरडा सदरा द्या. ध्वनीची तक्रार असेल तर दिग्दर्शकानं थेट ध्वनीकडे जावं.

## ९. प्रयोगानंतर आणि दौऱ्यावर

फोटोसाठी रंगपटात गर्दी होऊ देऊ नका. दोन खुर्च्या मांडून वीस मिनिटं ठरवा आणि थांबवा. सूचना दुसऱ्या दिवशी द्या, जास्तीत जास्त तीन. कुठे हशा आला, कुठे अपेक्षा असून आला नाही, हे प्रॉम्प्टरनं प्रतीतच लिहावं. एखादं वाक्य सलग तीन प्रयोगांत पडलं की त्याआधीचं फीड तपासा, बहुतेकदा दुरुस्ती तिथे लागते.

दौऱ्यावर चार तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर आदल्या दिवशी पोचा. प्रत्येक नव्या नाट्यगृहात खुर्च्यांमधलं अंतर फूटपट्टीनं मोजून पूर्वीइतकंच ठेवा, रंगमंच कितीही मोठा असो. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारख्या ठिकाणी प्रयोग असेल तर दोन गोष्टी आधी लिहून मागवा: रंगमंचाचं माप, आणि त्याच रंगमंचावर आपल्याआधी काय आहे. उन्हाळ्यात वेळेतला फरक साडेनऊ ते साडेबारा तासांचा असतो, म्हणून पोचल्यापासून प्रयोगापर्यंत निदान तीन रात्री मिळाल्या पाहिजेत. तेवढ्या मिळत नसतील तर मध्यंतरानंतरच्या भागातला सर्वांत वेगवान प्रवेश त्या प्रयोगापुरता काढा, आणि तो काढल्याचं प्रॉम्प्टर, ध्वनी आणि प्रकाश या तिघांच्या प्रतींत लिहा.